वीस दगड आणि एकोणीस किलोमीटर

मेश्राम बाई वर्गात पुस्तकी मराठी बोलत, वर्गाबाहेर आमच्या नागपूरची मराठी बोलत, आणि राग आला की पुन्हा पुस्तकीवर येत. त्यामुळे मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये त्यांच्या तोंडून 'कृपया' असा शब्द आला की आम्ही चहाचे कप खाली ठेवून वर बघायचो.

धरमपेठेतल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्यांच्या पर्समध्ये रुमाल, चष्म्याचं घर, दोन खडू आणि शिंप्याची गुंडाळलेली टेप असे. वडील सीताबर्डीवर एका दुकानात शिलाईच्या मशीनवर बसायचे. पाच मुली त्यांनी त्या मशीनवर शिकवल्या. "माप घ्याले जो लाजला, त्यानं कपडा बिघडवला," हे वडिलांचं वाक्य बाई इतक्या वेळा सांगत की आमच्या शिपाईकाकांनाही ते पाठ झालं होतं. नवीन कपाट आलं की दारातून आत जाईल का यावर सहाजण वाद घालत असायचे, आणि बाई तोवर दार मोजून, कपाट मोजून, "आडवं करा, जाते," असं सांगून वर्गावर निघून गेलेल्या असायच्या.

पण दुसऱ्यांच्याच चुका मोजणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. एकदा नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर सोडवलेल्या उदाहरणात शेवटून दुसऱ्या पायरीवर चिन्ह चुकलं. वैशाली नावाच्या एका मुलीनं भीत भीत हात वर केला. बाईंनी पाहिलं, मान हलवली, आणि फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं, 'माझी चूक. शोधली वैशालीने.' ती चौकट आठवडाभर कोणाला पुसू दिली नाही. मी शिकवायला आले की मला फळा अपुरा पडायचा, म्हणून मी एकदा तक्रार केली. त्या म्हणाल्या, "थोडं बारीक लिहा ना बाई. पोरीच्या आयुष्यात असा आठवडा रोज येते काय?"

एक प्रसंग मी सांगायला हवा, कारण त्यात मी बरी दिसत नाही. एका वर्षी दहावीचा गणिताचा निकाल शंभर टक्के लागला होता. स्टाफरूममध्ये पोहे मागवले होते. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई कौतुकाच्या सुरात म्हणाल्या, "मेश्राम, तुमच्यातल्यांच्या मानाने तुमचं गणित फारच चांगलं हो." बाईंनी चमचा खाली ठेवला. "कुणाच्या मानाने, ते कृपया स्पष्ट सांगा. मापाला एकक लागतं." मी त्यांची बाजू घेतली नाही, ताटलीतले पोहे खात राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी नेहमीसारखा डबा माझ्यापुढे सरकवला, त्यात आंबाडीची भाजी होती. त्या प्रसंगाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मलाही काढता आला नाही.

गाडी चालवायला त्या बावन्नाव्या वर्षी शिकल्या. आधी एक छोटी गाडी होती. मोठी सात माणसांची गाडी घेतली ती निवृत्तीनंतर, आणि ती घेण्याचं कारण होत्या ताराताई.

पाच बहिणींत ताराताई सगळ्यांत मोठ्या. धम्मदीक्षेच्या वेळी त्या सात-आठ वर्षांच्या होत्या, वडिलांचा हात धरून मैदानावर गेल्या होत्या. बाकीच्या चौघी त्यानंतर जन्मल्या, त्यामुळे त्या दिवसाबद्दल बोलायचा हक्क त्यांच्या घरात फक्त ताराताईंचा. त्यांना मरायच्या आत सांची पाहायचं होतं. दोन मुलगे होते, चांगले होते, पण कुणाची नोकरी, कुणाच्या पोराची परीक्षा, आणि दर वेळी आईला एकच उत्तर मिळे, पुढच्या हिवाळ्यात जाऊ. असे सात-आठ हिवाळे गेले. शेवटी एका वाढदिवसाला ताराताई सहज म्हणावं तसं म्हणाल्या की आपण काही आता सांची पाहत नाही. मेश्राम बाई केक कापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काहून वं? मी आहो ना."

गाडी शोधून दिली नागपूरच्या बेसा भागात राहणाऱ्या प्रवीणनं, म्हणजे तिसऱ्या बहिणीच्या मुलानं. पस्तिशीचा, गाड्यांचा शौकीन, मावशीवर जीव असलेला मुलगा. त्याच्या मित्राची जुनी गाडी होती, इंजिन उत्तम, रंग पांढरा, आणि चारही टायर नवे, चांगले रुंद. गाडी कंपाउंडमध्ये उभी राहिली की एखादा बैल मान वर करून उभा असावा तशी दिसायची. प्रवीण तिच्याभोवती फिरून फिरून ते टायर दाखवत होता. त्याचा आनंद पाहून बाई काही बोलल्या नाहीत.

ताराताई मात्र पहिल्याच दिवशी बोलल्या. गाडी उंच आहे म्हणाल्या. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या वरातीत त्या अगदी अशाच गाडीत बसल्या होत्या, तेव्हा चढता आलं होतं, हिच्यात पाय पोचत नाही. सगळ्या हसल्या. गाडी तीच, कंपनी तीच, मॉडेल तेच, मग उंच कशी होईल? म्हातारीचे गुडघे महिनाभरात आणखी म्हातारे झाले असतील, असं ठरलं.

सांचीला जायच्या आधी पूर्ण भरलेली गाडी एकदा चालवून पाहायची, असं बाईंनी ठरवलं. रामटेकला जाऊन यायचं. पाच बहिणी, प्रवीण आणि मी. मला का, तर त्यांना आकडे मोठ्यानं वाचणारं माणूस हवं होतं. हायवेला लागल्यावर त्यांनी मला एक कागद दिला आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला सांगितले. पहिल्या दगडाशी गाडीच्या मीटरवरचा आकडा लिहायचा, त्यापुढच्या विसाव्या दगडाशी पुन्हा लिहायचा.

मी म्हटलं, "मीटर आहे ना गाडीत, मग दगड कशाला?"

"मीटरचंच तर माप घेऊन राहिली मी," त्या म्हणाल्या.

पहिला दगड शून्य धरला. पुढचे वीस झाले तेव्हा मीटर एकोणीस किलोमीटर दाखवत होता. मला वाटलं मी एक दगड जास्त मोजला. बाईंनी येताना पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा वीस दगड, मीटरवर एकोणीस.

मधे रामटेकच्या गडाची चढण लागली. सातजण, शिवाय मुद्दाम भरलेल्या सामानाच्या पिशव्या. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरलं की पुढून 'खर्र' असा आवाज येई. प्रवीणनं आधी खिडकी बंद केली, मग गाणी लावली. वर पोचल्यावर बाकीच्या मंदिराच्या दिशेनं सावली शोधत गेल्या. बाईंनी चाकाशेजारी रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि टायरच्या वरच्या पोकळीत हात घातला. आतलं काळं प्लास्टिक एका जागी टायर घासून गुळगुळीत झालं होतं. बोटं काळी करून त्या उठल्या आणि प्रवीणला म्हणाल्या, "आता तू घाल हात." त्यानं घातला. नंतर परत येईपर्यंत तो गाणी लावायच्या भानगडीत पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई, प्रवीण आणि मी रिंगरोडवरच्या एका टायरच्या दुकानात होतो. दुकानदार हसतमुख माणूस होता. त्यानं गाडी पाहिल्याबरोबर टायरचं कौतुक केलं, प्रवीणला बरं वाटलं. बाईंनी टायरवर लिहिलेली ओळ वाचून दाखवायला सांगितली. २६५, ६५, १७. मग प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारला. पहिला म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. तिसरा म्हणजे आतली रिम, इंचात. बाईंनी कपाळाला हात लावला. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! माझ्या विद्यार्थिनीनं असं लिहिलं असतं तर मी वही परत दिली असती, म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, की कंपनीनं कोणता टायर दिला होता? ते कुणालाच माहीत नव्हतं. गाडीबरोबरचं पुस्तक जुन्या मालकानं हरवलं होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा कागद खरवडून निघालेला. दुकानदार म्हणाला सगळे असेच चौडे टायर टाकतात. गाडी भारी दिसते, रोडवर पकड भेटते. बाई गाडीला एक फेरी मारून मागे गेल्या आणि वाकून खाली पाहिलं.

"स्टेपनी काढा," त्या म्हणाल्या.

गाडीच्या पोटाखाली लटकवलेलं ते जादा चाक बहुधा कधी उतरवलंच नव्हतं. चिखलाचा थर फडक्यानं पुसला तेव्हा आकडे दिसले. २३५, ६५, १७. बाईंनी जॅकवर चढवून एक पुढचं चाक काढायला लावलं, दोन्ही शेजारी शेजारी उभी केली आणि पर्समधून टेप काढली. दुकानातली सगळी माणसं हातातलं काम सोडून पाहत होती. लावलेलं चाक जवळपास चार सेंटीमीटर मोठं होतं.

त्यांनी खडूनं फरशीवर हिशेब केला. रुंदी वाढवली की टक्केवारी तीच ठेवूनही उंची वाढते, कारण टक्के रुंदीचे आहेत. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाणार. मीटर बिचारा फेरेच मोजतो, त्याला चाक बदललेलं कोण सांगणार? मीटर ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी खरं तर चौऱ्याऐंशीनं पळते. आणि चाक चार सेंटीमीटर मोठं, आस त्याच्या मधोमध, म्हणजे गाडी त्याच्या निम्मी उंच उठली. दोन सेंटीमीटर.

इथे त्या थांबल्या. "मोठी ताई खरं बोलून राहिली होती," माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आपण सगळ्या हसलो तिले."

दुकानदाराला अजून आशा होती. "मॅडम, उन्नीस-बीस का फरक है. इतना चलता है."

बाई उठल्या, हात झटकले. आणि पुस्तकी मराठी आली. "बरोबर. एकोणीस आणि वीसचाच फरक आहे, मी काल रस्त्यावर मोजला. मला तो नको आहे. कृपया मूळ मापाचे चार टायर दाखवा."

त्या मापाचे टायर दुकानात नव्हते. त्यानं दुसरे आणले. २३५, ६०, १७. रुंदी तीच, रिम तीच, मधे फक्त साठ. पासष्ट काय आणि साठ काय, शिवाय आजच बसवून मिळतील, म्हणाला. बाईंनी पुन्हा खडू घेतला. हे चाक मूळ चाकापेक्षा जवळपास अडीच सेंटीमीटर लहान निघालं. मग त्यांनी त्या आकड्यांच्या शेवटी लिहिलेला एक बारीक आकडा दाखवून तो काय आहे विचारलं. तो एका टायरनं किती वजन पेलायचं त्याचा होता. स्टेपनीवर एकशे चार होता, या टायरवर एकशे दोन. दुकानदारानं भिंतीवरचा तक्ता पाहून सांगितलं, चाकामागे पन्नास किलोचा फरक.

"म्हणजे चार चाकांवर दोनशे," बाई म्हणाल्या. "माझ्या कोणत्या तीन बहिणी घरी ठेवू?"

दुकानदार हसला, पण मग त्यानंच तो टायर उचलून आत नेला.

एवढ्यावरही बाईंचं समाधान नव्हतं. स्टेपनी हा एकच साक्षीदार झाला. तीही कोणी बदललेली असू शकते. प्रवीणला विचारून त्यांनी त्याच्या कॉलनीत हेच मॉडेल आणि तेच वर्ष असलेली दुसरी गाडी शोधली. त्या घरच्या माणसांची ओळखदेख नसताना बेल वाजवली, आणि त्यांच्या गाडीचं दार उघडून चौकटीवरचा कागद वाचला. माप तेच होतं. त्या कागदावर हवेचे दोन आकडे होते, गाडी रिकामी असताना वेगळा आणि भरलेली असताना वेगळा. तेही त्यांनी तळहातावर लिहून घेतले. त्या घरच्या बाईंनी आम्हाला सरबत दिलं.

टायर यायला दोन दिवस लागणार होते. निघायचं ठरलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी बाईंच्या घरी पाचही बहिणी जमल्या होत्या. पिशव्या भरलेल्या, चकल्यांचे डबे बांधलेले. बाईंनी सांगितलं की उद्या निघता येणार नाही. ताराताई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी पांढऱ्या साडीचा पदर मांडीवर सारखा केला आणि हळू आवाजात बाईंना म्हणाल्या, "आता तूही तेच म्हणून राहिली काय वं शालू? पुढच्या वेळी?"

इतक्या वर्षांत मी मेश्राम बाईंना कोणापुढे नमताना पाहिलं नव्हतं. त्या बहिणीच्या पायांशी खाली बसल्या. म्हणाल्या, "तेरवा. पुढच्या हिवाळ्यात नाही, पुढच्या महिन्यात नाही. तेरवा सकाळी सहा वाजता."

ताराताईंनी पिशवीतला चकल्यांचा डबा काढून सगळ्यांना दोन दोन दिल्या. दोन दिवस आहेत तर नव्या करू, म्हणाल्या.

ते दोन दिवस प्रवीण दुकानाच्या मागे लागला होता. टायर आले तेव्हा चारही टायरवरची ओळ त्यानं स्वतः वाचून मावशीला फोनवर सांगितली, शेवटच्या बारीक आकड्यासकट. गाडी घरी आणून किल्ली देताना तो खाली बघत म्हणाला, "मावशी, चूक झाली माही." बाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "सापडली ना? झालं मंग. आता हवा पाहून घे."

हे चौकटीत लिहायला फळा नव्हता म्हणून, नाहीतर त्यांनी लिहिलंही असतं.

सांचीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. गाडीला काहीच झालं नाही. बैतूलच्या अलीकडे घाट लागला तेव्हा मी कान देऊन बसले होते, पण ऐकू येत होतं ते खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरचं चौघींचं भांडण. बाई सूर्य मावळला की गाडी उभी करत, मग कोणी काही म्हणो. वाटेत एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सांचीला पोचलो. प्रवीण दार उघडायला धावला, तोवर ताराताई एक हात दाराला धरून स्वतःच्या स्वतः खाली उतरलेल्या होत्या.

त्यांनी स्तूपाला तीन फेऱ्या घातल्या. दगडी कठड्यावर हात ठेवून, अगदी सावकाश, आणि मागे कोणी येऊ नये असं सांगून. नंतर त्या बाईंच्या शेजारी येऊन बसल्या. वर बघत विचारलं, हे किती उंच असेल गं?

मला वाटलं आता टेप निघणार, निदान सावलीवरून उंची काढायची रीत तरी येणार. बाईंनी बहिणीचा हात आपल्या हातात घेतला होता. म्हणाल्या, "लय."

ताराताई त्यानंतर दीड वर्षानं गेल्या. झोपेतच. मेश्राम बाई त्यांच्यानंतर जेमतेम वर्षभर होत्या. जानेवारीतल्या एका सकाळी प्रवीणचा फोन आला. पण त्याआधी, दिवाळी झाल्यावर, मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सांगते.

मी सकाळी त्यांच्याकडे फराळाचा डबा द्यायला गेले होते. त्या तिघी बहिणींना घेऊन कुठेशी जेवायला निघाल्या होत्या. गल्ली अरुंद. एका बाजूला भाजीची गाडी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या घराचं काम निघालेलं आणि विटांचा ढीग. एवढी मोठी गाडी मागे मागे घेत रस्त्यावर काढायची होती. मी विटांच्या बाजूला उभी राहिले आणि येऊ द्या, येऊ द्या, असे हात करू लागले. बाईंनी काच खाली केली.

"देशपांडे बाई, बाजूले व्हा," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभ्या राहिल्या तं मले दिसत नाही."

मी बाजूला झाले. गाडी विटांपासून वीतभर अंतरावरून मागे सरकत गेली, एकदाही न थांबता. रस्त्याच्या तोंडाशी एक मोटारसायकलवाला घुसायच्या बेतात होता. बाईंनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढला, तळवा त्याच्याकडे करून सरळ धरला. तो थांबला. आतून तिघींचं एकदम बोलणं ऐकू येत होतं. गाडी वळली, सरळ झाली, आणि मग तो हात आत गेला.